तक्रार कुठे अडते?

१. फाटकाबाहेरचा प्रश्न

मावळातल्या एखाद्या शाळेत पालकसभा भरली की पोषण आहार, गणवेश, एसटीची वेळ, शाळेपुढचा चिखल असे विषय निघतात. त्यावर बोलायला कुणी कचरत नाही. जो प्रश्न महत्त्वाचा असतो तो सभा संपल्यावर, फाटकाबाहेर, ओळखीच्या एखाद्या सरांना बाजूला घेऊन विचारला जातो. "सर, बोललो असतो हो. पण उद्या माझ्याच पोराला त्रास झाला तर?"

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही, हिशेबी आहे. मोठ्या शहरात तक्रार करणारा माणूस गर्दीत मिसळून जातो. अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावात तशी सोय नाही. शाळेचा शिपाई भावकीतला असतो, संस्थेचे संचालक गावकीतले असतात, मुलांना नेणाऱ्या गाडीचा चालक शेजारच्या आळीतला असतो आणि पोलीस पाटील रोज समोरून जातात. अर्जावर नाव नसलं तरी अक्षर कुणाचं हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. अशा माणसाला "घाबरू नका, पुढे या" असं सांगणारे फलक कितीही लावले तरी उपयोग होत नाही. सांगितल्यावर पुढे काय होणार, हे त्याला आधी कळायला हवं.

आपल्याकडची चर्चा बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. मुलं बोलत नाहीत, पालक बोलत नाहीत, त्यांना बोलतं करा, असं म्हटलं जातं. गेल्या काही वर्षांतल्या घटना नीट पाहिल्या तर दिसतं ते असं, की बोलणाऱ्यांनी बोलून झालेलं असतं. ते बोलणं पुढे जात नाही. भातखाचरांत वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जायला बांधाला वाट ठेवावी लागते. एका जरी बांधाची वाट बुजली तरी वर पाणी तुंबतं, खाली रोप वाळतं, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं यंदा पाऊसच कमी. शाळेतल्या तक्रारीचंही असंच होतं. त्या कोणकोणत्या बांधावर अडतात, ते या प्रकरणात पाहू.

२. मुलांनी सांगितलेलं असतं

तक्रार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे अर्ज येतो. विषय, महोदय, आपला विश्वासू. लहान मूल असं सांगत नाही. ते म्हणतं, "मला त्या गाडीतून नाही जायचं." "माझं पोट दुखतंय." "ते दादा मला आवडत नाहीत." किंवा काहीच म्हणत नाही, फक्त शाळेत लघवीला जायचं बंद करतं आणि घरी आल्या आल्या धावत सुटतं. अशा प्रत्येक वाक्यामागे काही भयंकर असतंच असं नाही. पोट खरोखर दुखत असतं, गृहपाठ राहिलेला असतो. पण भयंकर काही घडलेलं असलं तरी त्याची पहिली खबर याच शब्दांत येते, हे धरून चालावं.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरचं प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. शिशुवर्गातल्या, चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप होता. मुलींनी आपापल्या परीने घरी सांगितलं, दुखतंय म्हणून सांगितलं. घरच्यांनी विश्वास ठेवला, दुसऱ्या मुलीच्या घरच्यांशी बोलले, डॉक्टरांकडे गेले, पोलिसांकडे गेले. म्हणजे चार वर्षांच्या मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आपलं काम चोख केलं होतं. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायला मात्र अनेक तास लागले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि लोकल दिवसभर बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेने माहिती मिळूनही पोलिसांना कळवलं नाही, म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

दुसरं उदाहरण वेगळ्या धोक्याचं. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि ७ मुलं गेली. छत पडण्याआधी वरून खडे पडत होते, आम्ही शिक्षकांना सांगितलं होतं, पण आम्हाला आत बसायला सांगण्यात आलं, असं वाचलेल्या मुलांनी नंतर बातमीदारांना सांगितलं. यापेक्षा स्पष्ट तक्रार कोणती असते? धोका काय, कुठे आणि कधी, हे सगळं मुलांच्या एका वाक्यात होतं.

मोठ्या मुलांचं जरा वेगळं असतं. ती घरी किंवा बाईंना सांगण्याआधी मित्राला सांगतात. अमेरिकेत शाळांमध्ये झालेल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास तिथल्या सिक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण विभागाने मिळून केला. २००२ साली आलेल्या त्या अहवालात दिसलं, की ८१ टक्के प्रकरणांत हल्लेखोराच्या मनात काय चाललंय याची कुणा ना कुणाला आधी कल्पना होती, आणि ती बहुतेक वेळा बरोबरीच्या मुलांना होती. आपल्याकडे शाळेत बंदुका सहसा येत नाहीत, पण या आकड्याचा धडा इथेही लागू आहे. दहावीतला कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलतो, कुणाचे फोटो मोबाइलवर फिरतात, वसतिगृहात रात्री मोठी मुलं लहानांना छळतात, हे आधी वर्गाला ठाऊक असतं. शिक्षकांच्या खोलीत ते सर्वांत शेवटी पोचतं. मित्राचं गुपित मोठ्यांना सांगणं म्हणजे गद्दारी, हा त्या वयाचा पक्का नियम आहे. भाषण देऊन तो मोडत नाही. सांगितल्यावर मित्राला मार न बसता मदत मिळाली, असं एकदा वर्गाने डोळ्यांनी पाहिलं की तो आपोआप सैल होतो.

३. पहिला ऐकणारा

म्हणून माझ्या मते सगळी भिस्त पहिल्या ऐकणाऱ्यावर आहे; पहिला बांध तोच. तो मुख्याध्यापक असेलच असं नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतील, शिपाईमामा असतील, बसमधल्या मदतनीस ताई असतील, आजी असेल. मुलं पदाकडे बघून माणूस निवडत नाहीत.

समजा, सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणते, "बाई, मला वह्या आणायला त्या खोलीत पाठवू नका ना."

यावर बाई तीन प्रकारे बोलू शकतात. "काही होत नाही, जा पळ." इथे विषय संपला, आणि बहुधा कायमचा. दुसरा प्रकार याहून काळजीचा दिसतो, पण तितकाच घातक. "का? तिथे कोण असतं? त्याने हात लावला का तुला? कुठे लावला?" असा प्रश्नांचा भडिमार झाला की मुलगी गोंधळते, आणि पुढे चौकशीत हे बाईंनीच तिच्या तोंडात घातलं असं म्हणायला जागा होते. तिसरा प्रकार साधा आहे. "बरं, नाही पाठवणार. काय झालं ते सांगशील मला?" आणि मग गप्प बसायचं.

ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं. तिने "शू ची जागा" म्हटलं तर तेच लिहायचं, आपला सभ्य शब्द घालायचा नाही. तारीख, वेळ, कुठे बसून बोललो, एवढं जोडायचं. तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं. ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून समोरासमोर शहानिशा करायच्या फंदात शिक्षकाने पडू नये. अनेक सज्जन मुख्याध्यापक नेमकं हेच न्यायबुद्धीने करतात आणि मुलाचं तोंड कायमचं बंद करून बसतात.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना जड जाते. मूल म्हणतं, "कुणाला सांगणार नाही ना?" आणि आपण पटकन म्हणतो, "नाही सांगणार, देवाशपथ." हे वचन देऊ नये. "तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन, बाकी कुणालाही नाही," असं म्हणावं. कारण गप्प राहण्याची मुभा कायद्याने मोठ्यांना ठेवलेली नाही.

४. पुरावा आणायचा कुणी?

"आमच्याकडे पुरावा कुठे आहे?" हा दुसरा बांध. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. त्यातलं १९ वं कलम शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने एकदा वाचावं असं आहे. गुन्हा घडल्याची माहिती असेल तर पोलिसांना कळवलंच पाहिजे, इतकंच ते म्हणत नाही. गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवलं पाहिजे, असं म्हणतं. पुरावा शोधणं पोलिसांचं काम, खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं. कळवणाऱ्याने फक्त कळवायचं.

आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सामान्य माणसाला त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत आणि शिवाय दंड. मुलांना ही शिक्षा लागू नाही. सद्हेतूने कळवलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, पण ती कुणाला बदनाम करायला, धमकवायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम केलेल्या तक्रारीला, आणि तीही मोठ्यांना. संशय येऊन चुकलेल्या माणसाला नाही.

न कळवणं किती गांभीर्याने घेतलं जातं, याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला सगळं कळूनही त्याने पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात तो पुन्हा उभा केला, आणि माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, त्यातून अपराध्यांना पाठीशी घातलं जातं, असं बजावलं. लोणावळा-खंडाळा परिसरात निवासी शाळा बऱ्याच आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांसाठी वॉर्डन, परिचारिका, स्वयंपाकी आणि डॉक्टर हेच पहिले ऐकणारे असतात. त्यांनी राजुऱ्याचा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

पोलीस ठाण्याची भीती पालकांच्या मनात असते, तीही कायद्याने बरीच कमी केली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडिलांसमोर. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, शाळा, पत्ता, घरच्यांची माहिती माध्यमांना छापता येत नाही. व्हॉट्सॲपवर नाव फिरवणाऱ्या गावकऱ्यांनाही सुटका नाही, हे जाता जाता सांगायला हवं. बातमी पहिल्यांदा तिथेच फुटते.

५. पत्रा, भिंत आणि पूल

अत्याचाराच्या तक्रारीला निदान कायद्याचा धाक आहे. हललेल्या भिंतीच्या तक्रारीला तोही नाही. मावळात हा विषय मोठा आहे, कारण इथला पाऊस मोठा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो भिंतीत मुरतो, पत्र्याचे हूक गंजवतो आणि डोंगराची माती सैल करतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगरजवळ निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचा वर्ग कोसळून तीन मुलं गेली. त्यानंतर राज्यभर मोडकळीला आलेल्या वर्गखोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या वापरातून काढून पाडून टाकण्याचा, विषय ऐरणीवर आला.

अशी तक्रार सांगून भागत नाही, लिहावी लागते. लिहिण्यातही फरक असतो. "शाळेची इमारत धोकादायक आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती," या वाक्यावर कुणालाही काहीही करता येत नाही, म्हणून कुणी करत नाही. आता हे पाहा: "चौथीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूचा पत्रा दोन हुकांतून सुटला आहे. ८ जुलैपासून वारा आला की हातभर उचलतो. त्याखाली दोन बाकं आहेत, सहा मुलं बसतात. पत्रा बसेपर्यंत तो कोपरा रिकामा ठेवावा. फोटो जोडला आहे." यात जागा आहे, तारीख आहे, धोक्यात कोण आहे ते आहे, आणि दुरुस्ती होईपर्यंत आजच्या आज काय करायचं तेही आहे. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण निधी यायला वर्ष लागतं आणि बाक सरकवायला दोन मिनिटं.

ही मधली सोय राहिली की काय होतं, ते मावळाने पाहिलं आहे. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा तीसेक वर्षांचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे गुपित नव्हतं. गावकऱ्यांनी नव्या पुलाची मागणी केली होती, नव्या पुलासाठी निधी मंजूर झाला होता, जुन्यावर धोक्याचा फलकही होता. म्हणजे तक्रार वरपर्यंत गेली होती आणि खरी ठरवलीही गेली होती. पण नवा पूल होईपर्यंत जुना बंद राहील अशी व्यवस्था झाली नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडणार होत्या. तक्रार पोचणं आणि धोका टळणं या दोन गोष्टींत किती अंतर असू शकतं, हे मला कुंडमळ्याइतकं कुठेच स्पष्ट दिसलेलं नाही.

फार पूर्वी, फार लांब, वेल्समधल्या ॲबरफॅन नावाच्या खाणगावातही हेच झालं होतं. डोंगरावर कोळशाच्या खाणीतला राडारोडा रचलेला होता आणि खाली प्राथमिक शाळा. १९६३ मध्ये तिथल्या नगर अभियंत्याने पत्र लिहिलं, त्याचा विषयच शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका असा होता. नंतर पालकांनीही शाळेमार्फत निवेदन दिलं. पत्रं एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली आणि थंडावली. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, पावसाने भिजलेला तो ढिगारा खाली आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. चौकशीत खाण मंडळ दोषी ठरलं, पण एकाही माणसाची नोकरी गेली नाही की कुणावर खटला झाला नाही. पत्र लिहून आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या प्रत्येकाने ॲबरफॅनची तारीख डायरीत लिहून ठेवावी.

६. मावळात कुणाकडे जायचं

आता पत्ता. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी आणि मग वडगावला पंचायत समितीत बसणारे गटशिक्षणाधिकारी, अशी पायरी आहे. नगर परिषदेच्या शाळेसाठी नगर परिषदेचे मुख्याधिकारी. माध्यमिक शाळांची तक्रार पुणे जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेची घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. "ठेवून जा, बघतो" हे उत्तर पोच नव्हे.

गुन्ह्याचा संशय असेल तर या पायऱ्या चढत बसायचं कारण नाही, थेट पोलीस. इथे मावळात एक गोंधळ आहे. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तर तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. मूल राहतं कामशेतला, शाळा तळेगावला, आणि घटना बसमध्ये. मग हद्द कुणाची? पालकाने हे कोडं सोडवायचंच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्द कुणाचीही असली तरी कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नोंदवायला नकार दिला तर लेखी माहिती पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

रात्री-अपरात्री, किंवा ओळखीच्या माणसांना टाळून बोलायचं असेल तर १०९८. मुलांसाठीची ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एका उपक्रमातून सुरू झाली आणि देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारच चालवतं आणि ११२ या तातडीच्या क्रमांकाशी ती जोडली आहे. फोन मूल स्वतः करू शकतं, आणि शेजारीही.

आणि फाटकाबाहेरचा तो प्रश्न? त्रास होईल का? होऊ शकतो, खोटं कशाला बोलायचं. म्हणून एकट्याने जाऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. विषय समितीच्या इतिवृत्तात आला की तो एका बापाचा राहत नाही, समितीचा होतो. चार पालकांच्या सह्यांच्या अर्जात कुणाच्या पोराला वेगळं काढायचं, हे सूड घेणाऱ्यालाही कळत नाही. तक्रारीनंतर मुलाला वर्गात टोमणे मारले, उभं केलं, मागे बसवलं, तर तारखांसह लिहून ठेवावं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने बंद आहेत, त्यामुळे ती आपसूक दुसरी तक्रार होते.

शिक्षक आणि शिपाई यांचं दुखणं याहून अवघड. पालकाला निदान शाळा बदलता येते. कंत्राटी मदतनीस ताईंनी चालकाबद्दल तोंड उघडलं तर पहिली गदा त्यांच्याच नोकरीवर येते. कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण कायदा दरमहा पगार देत नाही. संस्थाचालकांनी लेखी हमी दिल्याशिवाय ही मंडळी बोलतील अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

७. पेटीची किल्ली

महाराष्ट्रात कागदावर व्यवस्था कमी नाही. शाळांत तक्रारपेटी बसवायचं परिपत्रक २०१७ चं. शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर सखी सावित्री समिती नेमायचा निर्णय मार्च २०२२ चा. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांची भर घातली, आणि अनुचित प्रकार घडला तर २४ तासांच्या आत शिक्षण अधिकाऱ्यांना कळवायचं बंधन घातलं. यांतलं सर्वांत स्वस्त साधन तक्रारपेटी, आणि सर्वांत जास्त थट्टा तिचीच होते. कारण बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याच्या नजरेत लटकवलेली असते, आणि ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी येऊ शकते त्याच्याच टेबलाच्या खणात तिची किल्ली असते.

विमानवाल्यांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सोडवला. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान उतरण्याआधी डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. चौकशीत कळलं, की दीडेक महिना आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान तोच गैरसमज होऊन त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकाने आपल्या कंपनीला सांगितलंही होतं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, बाहेर कुणाला कळलं नाही. १९७६ मध्ये तिथे नवी पद्धत आली. वैमानिकाने चूक किंवा धोका कळवायचा तो परवाना काढून घेऊ शकणाऱ्या खात्याला थेट नाही, तर नासा या तिसऱ्या संस्थेला. नासा नाव काढून टाकते आणि फक्त धोका पुढे पाठवते. आजही ती चालू आहे, आणि वैमानिक आपल्याच चुका आपणहून लिहून देतात.

शाळेला नासा लागत नाही. पेटी स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर लावावी, जिथे रेंगाळलेलं मूल कुणाच्या नजरेत भरत नाही. किल्ली शाळेबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावी, पालक प्रतिनिधी, अंगणवाडी ताई किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे. ठरलेल्या वारी दोघांच्या साक्षीने उघडावी आणि वहीत नोंद करावी. चिठ्ठ्या आल्या नाहीत तरी "शून्य" लिहावं. महिनोन्महिने शून्यच येत असेल तर शाळा आदर्श आहे असं समजू नये, पेटीची जागा बदलून पाहावी. आलेल्या साध्या तक्रारींवर, नळ गळतो, पंख्याचा आवाज येतो यांवर, काय केलं ते नाव न घेता परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर सांगावं. नळाची चिठ्ठी वाचली जाते हे ज्या मुलाने पाहिलं, तेच उद्या मोठी गोष्ट लिहायचं धाडस करतं.

आणि वाचकहो, तुमचं मूल, नातवंड किंवा पुतण्या ज्या शाळेत जातो तिथल्या पुढच्या पालकसभेत एकच गोष्ट विचारा, तीही फाटकाबाहेर नको, सभेतच: तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.